अठ्ठाविसावा वेढा

जळकोटच्या फाट्यावर मोटार वायंडिंगची पाच दुकानं आहेत, पण जळालेली पाणबुडी मोटार घेऊन माणसं थेट तामलवाडीहून वाकडी वाट करून कोंडीरामकडंच यायची. कारण एकच. त्यानं नवी तार भरलेली मोटार एकदा विहिरीत सोडली की शेतकरी तिला विसरून जायचा.

त्यात जादू काही नव्हती. पाणबुडी मोटारीची तार एकेका खाचेतून हातानं ओढावी लागते. एका खाचेत अठ्ठावीस वेढे, ना एक कमी, ना एक जास्त. मोजणी चुकली की मोटार तापते आणि महिन्याभरात पुन्हा जळते. कोंडीरामची बोटं एकदा कामाला लागली की त्याची अशी तंद्री लागायची, की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला असता तरी त्याला उंबऱ्यावर थांबावं लागलं असतं. दुकानाचा नियमच होता तो. गिऱ्हाईक आलं की कोंडीराम मान न उचलता डाव्या हाताचं एक बोट वर करायचा. मग येणाऱ्यानं गप उंबऱ्यावर टेकायचं. तंबाखू मळणाऱ्यानं टाळीसुद्धा वाजवायची नाही. एकदा सरपंच गुंडाप्पांनी मध्येच हाक मारली, तर यानं भरलेली सगळी तार उपसून काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सरपंच तासभर बसून राहिले.

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्याच्या बायकोनं, मथुरेनं, डबा आणून दारातून हाक मारली होती. "एकोणीसवर व्हतो, तुझ्यापायी गेलं," म्हणून त्यानं तिला डब्यासकट परत पाठवलं. त्यानंतर पंचवीस वर्षं तिनं कधी हाक मारली नाही. यायची, उंबऱ्यावर बसायची, यानं मान वर केली की डबा पुढं सरकवायची. कोंडीराम चारचौघांत कौतुकानं सांगायचा, बायको असावी तर अशी. आता ते आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मथुरा वारली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दुकानाच्या दारावर त्याच्याच अक्षरात खडूनं लिहिलेलं आहे : आत आलं की हाक मारा. येणारा हाक मारतो. कुणी आलं नाही तरी दहाव्या-अकराव्या वेढ्याला कोंडीरामची मान आपोआप उंबऱ्याकडं वळते आणि आकडा जातो. तो उपसतो, पुन्हा भरतो, पुन्हा मान वळते. तामलवाडीच्या महालिंगप्पांची मोटार चार महिन्यांत तीनदा जळली. तिसऱ्या वेळी ते भांडलेसुद्धा नाहीत. त्यांनी टेंपो तसाच पुढं नेला आणि शेजारच्या दुकानापुढं उभा केला.

हे कानावर गेलं म्हणून पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला असलेला त्याचा मुलगा रणधीर रविवारी गावी आला. त्याच्या कंपनीत नुकतंच दोन दिवसांचं शिबिर झालं होतं, कामात बुडून कसं जायचं याचं. नव्वद मिनिटं फोन बंद, दार बंद, कुणाशी बोलणं नाही. रणधीरनं तिथं उठून आपल्या वडलांची गोष्ट सांगितली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आण्णा, लोक पैसे भरून जे शिकायलेत, ते तुम्हाला आपोआप यायचं," तो म्हणाला. "आई कशी गप बसून राहायची, ते पण सांगितलं मी."

कोंडीराम हातातली तार उगाच सरळ करत राहिला. रणधीरनं पिशवीतून छापून आणलेली पाटी काढली : काम चालू आहे, शांतता राखा. मग दारावरचं पुसायला त्यानं फडका ओला केला.

"ऱ्हाऊ दे ते," कोंडीराम म्हणाला.

"पण असं लिहिल्यावर काम कसं होणार?"

"न्हाय व्हायाचं."

रणधीर हसला आणि फडका घेऊन दाराकडं गेला. तेव्हा दोन वर्षं पोटात ठेवलेलं कोंडीरामच्या तोंडून बाहेर पडलं.

"तुझी आई हितं दुकानात गेली, येवढंच तुला ठाव हाय. ती कवा आली, ते म्या कुणाला सांगितलं न्हाय. साडीचा काठ दिसला व्हता मला. अकरावा वेढा व्हता. म्या बोट वर केलं, ती बसली. अठ्ठावीस झाले, तवा मान वर करायची. पर हात असा लागला व्हता, की म्या दुसरी खाच घेतली. मग तिसरी. लई ग्वाड चाललं व्हतं काम. मान वर केली, तर ती चौकटीला टेकलेली, हात छातीवर. डाक्टर म्हनले, अर्धा तास आदी आणाया पायजे व्हतं." तो थांबला. "ती मोटार अजून चालतीया. एकदाबी जळली न्हाय."

रणधीरच्या हातातल्या फडक्याचं पाणी उंबऱ्यावर गळत होतं. त्यानं विचारलं, "मग तिनं हाक का नाही मारली, आण्णा?"

कोंडीराम त्या ओल्या उंबऱ्याकडं बघत राहिला.

"म्याच शिकवलं व्हतं तिला," तो म्हणाला.