डांबरगोळ्यांचं कपाट

शाळेचं कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि माझा राग पुन्हा ताजा होतो. तेलंगणातल्या बोथजवळच्या याच मराठी शाळेत मी तिसरीत होते, तेव्हाही हाच वास होता. गोष्टींची पुस्तकं कुलपात असायची आणि फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर निघायची. आदिलाबादहून साहेबांची जीप यायच्या आधी हेडमास्तर प्रत्येकापुढे एकेक पुस्तक ठेवत आणि जीप गेली की गोळा करत.

त्या दिवशी माझ्या वाट्याला चिखलात रुतलेला हत्ती आला. तो बाहेर निघतो कसा, हे पाहायला मी पान उलटणार, तोच हेडमास्तर म्हणाले, "हात दाखव."

सकाळी आईसोबत कापूस वेचून आले होते. बोंडांनी ओरबाडलेली बोटं काळी पडली होती.

"असल्या हातानं पुस्तक धरून राह्यली काऊन वं?"

"धुतले सर. ते निघत नाई."

त्यांनी पुस्तक उचललं. साहेबांसमोर भरल्या वर्गात मी एकटी रिकामी बसले.

आता मी इथेच शिकवते आणि पुस्तकंही मीच निवडते. नमुन्याच्या प्रती बोरं खाणाऱ्या पोरांच्या हातात देते आणि जी सगळ्यात जास्त मळते, तीच मागवते.

मागच्या आठवड्यात तेच हेडमास्तर, आता पार म्हातारे, नातीला घ्यायला आले. वाट पाहता पाहता त्यांनी टेबलावरच्या पुस्तकाकडे हात नेला.

"सर," मी म्हणाले, "आधी हात दाखवा."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ते बघायची मी मुळीच घाई केली नाही.