बायकोच्या मागं गेलेला माणूस

युनूस गेल्याचं मला गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं. एका कामासाठी लोहाऱ्याला गेलो होतो, परतीच्या जीपची वाट बघत उभा होतो, आणि मोबाइलवर हात जोडलेली चित्रं एकामागून एक येऊ लागली. 'ढोकीचा सुपुत्र हरपला.' 'सातासमुद्रापार गावाचं नाव नेणारा हिरा निखळला.' पाठवणाऱ्यांची नावं वाचली आणि हसावं की थुंकावं कळेना. हीच ती माणसं... चौकातल्या हॉटेलात बसून दहा वर्षं या हिऱ्याला 'बायकोची मोलकरीण' म्हणत आलेली. आदल्याच संध्याकाळी मी त्याच्याशी गप्पा मारून आलो होतो. सुट्टी काढून बायकोपोरांसह गावी आला होता. सकाळी अंघोळ केली, खाटेवर बसला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि धाराशिवच्या दवाखान्यात पोचायच्या आत संपला. मी पोचलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि सगळ्यांत मोठ्यानं रडत होते ते बशीरमामू, त्याचे सख्खे मामा. त्यांच्याविषयी पुढं सांगतो.

युनूस आणि मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एकत्र लागलो. तो फिटर, मी स्टोअरला. मेल्यावर माणसाला संत करायची आपल्याकडं पद्धत आहे, ती मला जमत नाही. युनूस तापट होता, मिशीला तूप लावून पीळ द्यायचा, आणि घरात पाण्याचा तांब्यासुद्धा त्यानं कधी स्वतः भरून घेतला नव्हता. त्याची बायको नसीम लोहाऱ्याची, सोलापुरात एका दवाखान्यात नर्स. रात्रपाळ्या करता करता तिनं कसल्या कसल्या परीक्षा दिल्या आणि आयर्लंडच्या एका हॉस्पिटलात तिला नोकरी लागली. तेव्हा अयान सहा वर्षांचा होता आणि झोया दोन वर्षांची. गावानं, न विचारता, सल्ला दिला : पोरं आजीकडं ठेवा, बाई तिकडं कमवंल, तू इथं मजेत ऱ्हा. बायकोच्या कमाईवर कट्ट्यावर बसून पान चघळणं या लोकांच्या हिशेबी मर्दपणाचं होतं. तिच्याबरोबर जाऊन स्वतःची पोरं सांभाळणं, ती मात्र नामर्दाची लक्षणं! युनूसनं नोकरी सोडली. निघायच्या आधी घरी दावत ठेवली, तेव्हा बशीरमामू बिर्याणीचा घास तोंडात ठेवूनच म्हणाले, "बाईनं नवऱ्याच्या मागं जायचं असतंय, एवढं ऐकून होतो. आमचा भाचा बायकोच्या मागं चाललाय बघा." पंगत खदाखदा हसली. युनूसचे कान लाल झाले. तो वाढत राहिला.

तिकडचं सगळं गोड होतं असंही नाही. परदेशातून येणारे फोटो बघून भुलणाऱ्यांची मला कीव येते. हिरवळीवर उभं राहून काढलेल्या फोटोत ओली भिंत दिसत नाही, दुपारीच पडणारा अंधार दिसत नाही. नसीम बारा-बारा तास हॉस्पिटलात. पोरांना सांभाळायला माणूस ठेवणं परवडणारं नव्हतं, आणि फिटरच्या अनुभवाला तिथं कुणी विचारत नव्हतं. म्हणून युनूस घरी. पहिले काही महिने त्यानं पोरांना काय खाऊ घातलं ते देव जाणे. फोनवर मला विचारायचा, "दिगंबर, वहिनीला विचार की, खिचडी खाली का लागती?" अयाननं शाळेत तोंडच उघडणं बंद केलं. घरी बडबड, शाळेत मुका. शेवटी बाईंनी बापाला बोलावलं. यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विनंती केली, मी मागं बसतो. कित्येक आठवडे तो वर्गात लहान मुलांच्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून, बसत होता. एक दिवस अयाननं स्वतःहून बाईंना पाणी मागितलं... इंग्रजीत. युनूस मला म्हणाला, "आमी दोघं बी एकाच वर्गात शिकलो रे. त्यो पास झाला, म्या नापास."

पहिल्याच हिवाळ्यात तो परत यायला निघाला होता, हे गावात मी सोडून कुणाला ठाऊक नाही. झोयाला ताप, बाहेर पाऊस, नसीम कामावर. यानं तिघांचे कपडे बॅगांत कोंबले. नसीम आली, बॅगा बघितल्या, बूट काढून पोरीजवळ जाऊन बसली. "मग थांबलास कसा?" मी विचारलं होतं. "खरं सांगू? पिरेमानं न्हाय थांबलो. हॉटेलात बसल्याली ती तोंडं आठवली. म्हटलं, ह्यांना हसायला मी परत जाऊ व्हय?" एवढाच काय तो गावाचा त्याच्यावर उपकार.

चौथ्या वर्षी त्याच शाळेत बॉयलर आणि नळांची देखभाल करायचं काम त्याला लागलं. तेव्हा मात्र मिशीला पुन्हा पीळ आला. पण सुट्टीत गावी आला की तीच मंडळी दोन्ही हातांनी अत्तर आणि चॉकलेटं घ्यायची आणि डोळा घालून विचारायची, "मग, सध्या भांडी कुठल्या साबणानं घासतोस?" अयानच्या मराठीला हसायची. ज्यांना चार ओळींचा अर्ज धड लिहिता येत नाही, ती हसायची! झोया मोठी झाली तशी रस्त्यानं चालताना त्याला म्हणू लागली, अब्बा, बाहेर इंग्लिशच बोला. गावाचं हसणं त्यानं पचवलं, पोरीचं हे वाक्य नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. नसीम आतल्या खोलीत इद्दत पाळते आहे; नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं. अंगणात खुर्च्या टाकून बशीरमामू आणि शेजारपाजारचे आठदहा जण बसले होते. मामू पडद्याकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, उपदेश करत होते. "सूनबाई, आता तिकडं जायाचं नाव काढू नको. मर्दाबिगर परमुलखात घर चालतंय व्हय? पोरीला तरी इथं ठेव. घराला मर्द माणूस लागतोच."

नसीम एरवी सासरच्यांशी दखनी उर्दूत बोलते. त्या दिवशी मुद्दाम मराठीत बोलली, अंगणातल्या सगळ्यांना कळावं म्हणून.

"बरोबर हाय तुमचं, मामू. मर्दाबिगर न्हाय चालायचं. मग तुम्हीच चला आमच्यासंगं. सकाळी उठून दोघांचे डबे करायचे, धुणं मशीनला लावायचं, झोयाचे केस विंचरायचे, मी कामावरून आले की गरम जेवण वाढायचं. तुमच्या भाच्यानं दहा वर्षं केलं. तुम्हाला जमतंय का, बोला."

मामूंनी घसा खाकरला. शेजारचा एक जण खाली मान घालून चपला शोधू लागला. मी मामूंकडंच बघत राहिलो, उत्तराची वाट बघत. मला घाई नव्हती.

"इद्दत झाली की आमी जाणार," नसीम म्हणाली, आणि पडद्याआड भांड्यांचा आवाज सुरू झाला.

दिवेलागणीची वेळ होती. ओसरीच्या कोनाड्यात युनूसचा मोबाइल एकदम वाजू लागला. सगळे दचकले. मामूंना बोलायला निमित्त मिळालं. "अरे, कुणाचा फोन हाय बघा तरी." झोया आतून आली. आता बारा वर्षांची आहे, चांगली उंच झाली आहे. कोनाड्याजवळ गेली, पण मोबाइलला हात लावला नाही.

"फोन नई है," ती म्हणाली. "अलार्म है. मेरेकू स्कूल से लाने का टाइम हुआ."

तिकडं त्या वेळी शाळा सुटते. एवढी मोठी पोर, एकटी येऊ शकते. तरी हा रोज फाटकापाशी उभा असायचा, आणि सुट्टीत गावी आल्यावरही त्यानं मोबाइलचं घड्याळ तिकडच्याच वेळेवर ठेवलं होतं, तो अलार्म काढला नव्हता. मोबाइल बराच वेळ वाजत होता. झोया त्याच्यासमोर उभी होती. शेवटी तो आपोआप थांबला, तेव्हा ती आत गेली.