बोर्बालाचा कोरडा सोमवार

गेल्या ईस्टरच्या सोमवारी, म्हणजे पुरुषांनी बायकांना पाण्याने भिजवायच्या दिवशी, बोर्बालाने भर गल्लीत सुनावलं होतं, "बाई म्हणजे काय कुंडीतलं झाड आहे? म्हणे पुरुषाने पाणी ओतलं नाही तर सुकते! यापुढे माझ्या फाटकात कोणी बादली घेऊन आलं, तर तीच त्याच्या डोक्यात घालीन."

डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात बायकांचा संप चालवलेली बाई ती. मुद्दा बिनतोड होता. पंचाईत एवढीच, की गावाने ऐकलं.

यंदा सकाळपासून विहिरीचा रहाट करकरत होता. पोरी किंचाळत पळत होत्या. समोरची नव्वदीची रोझाली आजीसुद्धा चिंब भिजून खिदळत होती. बोर्बालाच्या फाटकाशी आलं की मात्र गड्यांचं टोळकं टोप्या काढून अदबीने पुढे सरके.

"सुखी राहा, मावशी! तुम्हाला आमचा त्रास नाही हं!"

"चालते व्हा. मीच म्हटलं होतं ना!"

म्हटलं होतं खरं. पण भिजवणाऱ्यांना द्यायची, कांद्याच्या सालींत उकळून लाल केलेली टोपलीभर अंडी टेबलावर होती, घरच्या दारूची बाटली पुसून ठेवली होती, अंगावर ठेवणीतला घागरा होता. तत्त्वासाठी एवढं कोण नटतं?

बारा वाजत आले. दुपारची घंटा झाल्यावर ओतलेलं पाणी कोणी जमेस धरत नाही. बोर्बाला कुंपणाशी गेली. पलीकडे विधुर अम्ब्रुश बाकावर बसला होता, शेजारी भरलेली बादली.

"अम्ब्रुश, माझा गुलाब सुकलाय. ओत की जरा इकडं."

"रात्री तर पाऊस पडला."

"पडला असेल तुझ्याकडं!"

"आधी कवन म्हणून परवानगी मागायची असते, बाई. आणि तू तर डोकं फोडणार होतीस."

"मग माग की, मेल्या! तोंडात काय अंडं आहे?"

म्हाताऱ्याने टोपी काढली. रानातल्या फुलाचं ते कवन दोन ओळींतच अडखळलं. "पुढचं आठवत नाही. ओतू का?"

चर्चची घंटा सुरू झाली. हो म्हणावं तर वर्षाचा हट्ट मोडतो, नाही म्हणावं तर वर्ष कोरडं जातं. बोर्बालाने फुलाफुलांचा रुमाल डोक्यावर घट्ट बांधला.

"ओत. पण अट आहे. उद्या मंगळवार, बायकांनी पुरुषांना भिजवायचा दिवस. गाव तो सोयीनं विसरलंय. मी येणार, याच्यापेक्षा मोठी बादली घेऊन."

"मान्य!"

पाणी बर्फासारखं होतं. बोर्बालाने अशा शिव्या हासडल्या की पुढे गेलेलं टोळकं धावत परत आलं.

"मावशी, आम्हीपण?"

"बघत काय राहिलात? घंटा संपतेय!"

टोपली रिकामी झाली.

मंगळवारी सकाळी अम्ब्रुशचं फाटक सताड उघडं होतं. म्हातारा इस्त्रीचा सदरा घालून दारातच बसला होता आणि घाबरल्याचं सोंग करत होता.