मांडीवरची कडी

अमळनेरहून शिंदखेड्याला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या अक्कांच्या मांडीवर नवी लोखंडी कडी होती. कंडक्टरने विचारलं तेव्हा त्या बोलल्या. मुलाने घराला पुण्यात बसूनही मोबाइलने उघडता येईल असं कुलूप बसवलं होतं. परवा वीज गेली, नेटही गेलं. अंथरुणाला खिळलेले त्यांचे यजमान, आबा, आतून पाणी मागत होते आणि अक्का बाहेर उभ्या होत्या. शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं.

"पोऱ्या चिडी जाई, अक्का!" कंडक्टर हसला.

"चिडू दे. दार मन्हं शे, कुलूप बी मन्हंच राही. किल्ली पहिलेसारखी शेजारीनकडे ठेवसू."

आपल्याच दारात परवानगीची वाट पाहायला लावणाऱ्या सोयीला मी सोय म्हणणार नाही.

अक्का उतरू लागल्या तेव्हा मी कडी धरायला हात पुढे केला. अक्कांनी ती दिली नाही.