सिनेमाच्या खालच्या ओळी

साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम घरी आणलं की घरभर टिकल्या होतात. कितीही झाडा, कुणाच्या तरी केसात एखादी चमकतेच. आमच्या सिनेमाचे किस्से तसेच.

आमचा म्हणजे इथे गुजरातेत, बमरोलीतल्या आमच्या सोसायटीचा. मिलमध्ये काम करणाऱ्या प्रकाशने सुट्टीच्या दिवशी शूटिंग करत एक अहिराणी सिनेमा काढला. हिरो तो स्वतः, हिरोईन त्याचीच बायको, सारिका. सोसायटीत अकोल्याकडची घरंही आहेत, त्यांना अहिराणी कळत नाही. म्हणून खाली मराठीत सबटायटल टाकायचं ठरलं.

"मावशी, तुम्ही धुळ्याला बारावीपर्यंत शिकलात. तुम्हीच लिहा," प्रकाश म्हणाला.

मी हो म्हटलं ते आमच्या ह्यांच्यासाठी. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलं, त्यात ह्यांचे कान गेले. समोर बसून बोललं की माझं कळतं, पण टीव्ही-सिनेमा सोडला तो सोडलाच. "मला काय समजणार त्यात?" म्हणतात. खाली लिहिलेलं असलं तर येतील, शेवटपर्यंत बसतील, एवढंच माझ्या मनात होतं.

*

पहिल्याच सीनमध्ये मी अडले. सासू झाडू घेऊन सुनेच्या मागे धावते आणि तोंडाला येईल ते बोलते. आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलंच, पण माझ्या हाताने ते लिहवेना. खूप विचार करून मी लिहिलं, "सासूबाई नाराज आहेत."

पडद्यावर सासू ओरडतेय, झाडू फेकतेय, कोंबड्या पळताहेत. खाली शांतपणे, "सासूबाई नाराज आहेत."

प्रकाशने सीन मागे नेऊन पुन्हा लावला. "मावशी, इतलंच?"

"मग काय लिहू? फार नाराज आहेत?"

*

ओळ कधी यावी आणि कधी जावी, हे लॅपटॉपवर जुळवावं लागतं. मी कुठलं बटण दाबलं मला अजून माहीत नाही, पण सगळ्या ओळी एकेक सीन पुढे सरकल्या.

हिरो आईला म्हणतो, "मला शहरात जायचं नाही." तेव्हा खाली काहीच नाही. मग गोठा येतो. बैल रवंथ करत कॅमेऱ्याकडे बघतो आणि खाली ओळ येते, "मला शहरात जायचं नाही."

सारिका म्हणाली, "राहू द्या मावशी. आमच्या ह्यांच्यापेक्षा बैलच मनापासून बोलतोय."

*

शेजारच्या हंसाबेन रोज विचारायच्या, "गुजराती में भी लिखोगे ना?" प्रकाशने गुजराती ओळही टाकली. मग कुणीतरी म्हणालं, हिंदीही हवी. तीन ओळी चढल्यावर सारिकाच्या फक्त भुवया दिसू लागल्या.

"मेकअप कशासाठी केला मी?" तिने विचारलं.

मराठी तेवढी राहिली.

*

शो सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. ह्यांना मी हाताला धरून आणलं, पुढे बसवलं. पहिली ओळ आली आणि मागच्या बायकांनी ती मोठ्याने वाचली. मग पोथी वाचतात तशी सगळ्या हॉलने सुरात वाचायला सुरुवात केली. सिनेमातलं कुणाचंच बोलणं ऐकू येईना. प्रकाश हात जोडत फिरत होता. आमचे हे मात्र आरामात बसले होते.

*

शेवटी मुलीच्या पाठवणीचा सीन. सारिका नवरीच्या साडीत, बैलगाडीत. तिचे ओठ हलतात, पण आवाज नाही, नुसती सनई. मी लिहिलं होतं, "(सनई वाजते)". बायका डोळे पुसत होत्या. तेवढ्यात आमचे हे खो-खो हसायला लागले.

सगळा हॉल वळून बघायला लागला. मी त्यांचा हात दाबला, तरी थांबेनात. दिवे लागल्यावर सारिकाच समोर येऊन उभी राहिली. "काका, मी एवढी रडले, आणि तुम्ही हसलात?"

हे म्हणाले, "रडत कुठे होतीस? गाडीतून म्हणत होतीस, लवकर उरका, नळनं पानी चालनं जाई."

सारिकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

घरी येताना हे खुशीत होते. "चांगला होता सिनेमा. सगळा समजला."

मला भरून आलं. त्यांच्यासमोर उभी राहून विचारलं, "ओळी वाचता आल्या ना नीट?"

ते म्हणाले, "कसल्या ओळी?"