दहा वेळा म्हणा

नात्यातला पेशंट घ्यायचा नाही, हा वाचा-उपचाराच्या कामातला साधा नियम. वीस वर्षांत धाकटीने तो मोडला नव्हता. मग पुतण्याचा फोन आला. "काकू, आईला पक्षाघाताचा झटका येऊन दोन महिने झाले. समजतं सगळं, पण शब्दच येत नाहीत. तुम्ही घ्याल तिला, व्हिडिओवर?" धाकटीने गॅस बारीक केला आणि "घेते की," म्हणाली, इतकं गोड की तिचं तिलाच नवल वाटलं.

या थोरल्या जाऊबाईंच्या तोंडाचा पट्टा एकेकाळी अख्ख्या घराला पुरून उरायचा. धाकटी लग्न होऊन आली ती अडखळत बोलणारी. दुसऱ्यांची वाचा सुधारायचं शिकून आलेली, पण सासरच्यांसमोर तिचीच जीभ टाळूला चिकटायची. जाऊबाईंनी पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, 'अडखळी'. तिने तोंड उघडलं की "आटप, आटप" म्हणायचं आणि वाक्य आपणच पुरं करून टाकायचं. इस्पितळातून नोकरीचं पत्र आलं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, जायचंय का तुला?"

"म... मला..."

"मला नको म्हणतेय ती," जाऊबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. पुढची सहा वर्षं, वेगळं बिऱ्हाड करून स्वतःचं काम सुरू करेपर्यंत, धाकटीने त्या घरात भांडी विसळली आणि डूख धरला.

आता पडद्यावर त्याच जाऊबाई बसल्या होत्या. भांग कुणीतरी भलतीकडूनच पाडलेला, उजवा हात मांडीवर परक्याच्या वस्तूसारखा. धाकटीने कपाचं चित्र दाखवलं.

"हे काय, ताई?"

"आटप."

कंगवा? "आटप." तहान लागली तरी आटप, डोकं दुखलं तरी आटप. मेंदूला मार बसला की कुणाकुणाकडे असा एखादाच शब्द शिल्लक राहतो, जन्माच्या सवयीचा.

"हाच का राहिला, कोण जाणे," पुतण्या ओशाळून हसला.

"मी जाणते," धाकटी न अडखळता म्हणाली.

पेशंट शब्द शोधू लागला की मनात दहा मोजायचे, मगच पहिला आवाज सुचवायचा, ही तिची रीत. जाऊबाईंसाठी ती तीस मोजायची. "सावकाश, ताई. मला कसलीच घाई नाही." जाऊबाईंच्या कपाळावर घाम यायचा. धाकटी चहाचा घोट घ्यायची.

दीड महिन्यात 'पाणी' आलं, 'हो' आलं. मग एका मंगळवारी पुतण्याने विषय काढला. आम्ही दोघं नवरा-बायको नोकरीला जातो, आईला आजाऱ्यांच्या सेवाकेंद्रात ठेवायचं म्हणतो.

"तुमच्यासमोरच विचारतो, काकू. आई, तिकडे चांगली माणसं आहेत. जाशील ना?"

जाऊबाईंचे ओठ थरथरले. "न... न..."

"चालेल म्हणतेय बहुतेक," पुतण्या म्हणाला.

धाकटीच्या मनात लाडू फुटला. नुसतं गप्प बसायचं होतं, की फिट्टंफाट. जाऊबाई पडद्यातून तिच्याकडे बघत होत्या. हे डोळे तिच्या ओळखीचे होते. भाजी निवडण्याच्या त्या दिवशी ते तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर होते. पण सेवाकेंद्रात गेल्या म्हणजे हातच्या जाणार. इतक्या स्वस्तात?

"वाक्य पुरं करायचं नाही!" ती कडाडली. "थांब. त्यांना बोलू दे."

तिने मोजायला सुरुवात केली. दहा. तीस. जाऊबाईंची नजर आवाज सुचवण्यासाठी गयावया करत होती. धाकटीने ओठ मिटून घेतले. साठ. पुतण्याला बघवेना. नव्वदला जाऊबाईंच्या तोंडून लाळेसकट शब्द पडला.

"नको."

"ऐकलंस? नको म्हणाल्या." सेवाकेंद्र तिथेच रद्द झालं.

त्या दिवशी तिने नवा अभ्यास दिला. एकच वाक्य, रोज सकाळी दहा वेळा, फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचं: 'तिला बोलू दे.'

"औषध हवंय, भूक लागली, असलं काही नको का, काकू?"

"देईन सावकाश. आधी हे."

तेव्हापासून रोज सकाळी धाकटीच्या चहाबरोबर जाऊबाईंचा आवाज येतो. आधी नुसते घोगरे तुकडे, मग "तिला... बो... दे". तेविसाव्या दिवशी वाक्य आलं ते स्वच्छ, अख्खं, दहाही वेळा. तिने ते तीनदा ऐकलं. चहा संपवला, चष्मा लावला आणि उत्तर लिहिलं:

'अस्पष्ट. उद्या पुन्हा.'