ओल्या धोतरावरची बाराखडी

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. शुक्रवारची सुटी जाऊन रविवारची आली होती, शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती, आणि सेलूजवळच्या आमच्या गावात मी नवाकोरा मास्तर होतो. प्रौढांच्या वर्गासाठी तालुक्याहून मॅजिक लँटर्न आला तेव्हा माझ्या अंगात वारंच शिरलं. पत्र्याची पेटी, आत रॉकेलचा दिवा, पुढे पितळी नळीत भिंग. काचेच्या पट्टीवरचं अक्षर हातभर मोठं होऊन पडद्यावर उमटायचं.

वर्ग आमच्याच घरी, रविवारी दुपारी. माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं घर; दार लोटलं की भर दुपारी अंधार. खोलीच्या मधोमध मी धोतर ओलं करून ताणायचो. ओल्या कापडातून चित्र आरपार दिसतं. अलीकडे पुरुष बसायचे आणि पलीकडे बायका, कारण सासरे-दीरांसमोर त्या बसणार नव्हत्या.

चित्र नीट लावायचं मला व्यसनच जडलं. नळी सूतभर पुढे, सूतभर मागे. टेबल सरकव, वात कमी कर. एखादा कोपरा पुसट राहिला तर मला घास गोड लागत नसे. कुणी मध्ये आलं तर मी म्हाताऱ्यांवरही डाफरायचो. 'क' एकदाचा लख्ख उमटला की पलीकडे ओरडायचो, "दिसायलंय का?"

"लय चांगलं दिसायलंय," सगळ्यांच्या आधी माझी मायच बोलायची.

मायला अक्षरांची घाई होती, आणि का ते तिनं मला तोंडावर सांगितलं होतं. माझी धाकटी बहीण पोखर्णीला दिलेली, नवऱ्याकडून मराठी वाचायला शिकलेली. मायची पत्रं मीच शाळेत बसून लिहायचो, आणि मला न पटलेलं खुशाल गाळायचो. "एक तरी पत्र तुझ्या हाताबिगर जायला पायजे," ती म्हणाली होती.

पाट्या यायला दोन महिने लागले. तोवर बायकांनी पडद्याकडे पाहून, बोटानं मातीत गिरवून अक्षरं पाठ केली. पाटी आली त्या दुपारी मायनं फतकल मारली, न थांबता एक ओळ लिहिली आणि माझ्यापुढे धरली. एक अक्षर लागेना. ओळ उजवीकडून सुरू झाली होती.

मी भडकलो. "ह्या काय रेघोट्या ओढल्यास? दोन महिने काय बघितलंस?"

"तू दावलंस तेच," माय म्हणाली.

माझ्या बायकोनं फणेरपेटीतला आरसा आणून पाटीसमोर धरला. आरशात स्वच्छ वाचता आलं: लेकी, बरी आहेस का. एक काना चुकला नव्हता.

पडद्यामागून सगळं उलटं दिसतं, हे एवढी नळी फिरवणाऱ्या मला एकदाही सुचलं नव्हतं. मी पलीकडे जाऊन पाहिलंच नव्हतं. आणि मायला शंका तरी का यावी? या घरात तिनं आधी वडलांना, मग मला उर्दूच लिहिताना पाहिलं होतं, उजवीकडून डावीकडे. लिहिणं असंच असतं, अशी तिची समजूत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी मी काचेच्या पट्ट्या उलटून घातल्या आणि स्वतः पलीकडे जाऊन बसलो.

"मास्तर, आता आमाला उलटं दिसायलंय की," पुरुष कुरकुरले.

शेवटी अर्धा वेळ त्यांचा, अर्धा बायकांचा असं ठरलं.

मायनं सगळी अक्षरं नव्यानं गिरवली. आखाडात एक दिवस तिनं कागद मागितला, दार लोटून लिहिलं, पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलं आणि माझ्या हातात दिलं. वरचा पत्ता तेवढा मी घातला. नोकरी लागली तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. पोस्टापर्यंत मी जवळजवळ पळतच गेलो.

दिवाळीला बहीण माहेरी आली. मला राहवेना. "मायनं काय लिहिलं होतं गं?"

"तुला कळू द्यायचं असतं, दादा," ती म्हणाली, "तर तिनं तुलाच लिहायला बसवलं असतं की."